पाऊण आटा

मी महापालिकेचा चावीवाला.
अठ्ठावीस वर्षं पहाटे पावणेचारला
आणिकगावच्या नाक्यावर लोखंडी झाकण उचलतो,
छातीएवढी चावी आत सोडतो
आणि पाणी किती जोरात आहे ते
मनगटाला विचारतो.
म्हणून डॉक्टर बागवान "दाब" म्हणाले
तेव्हा तेवढा एक शब्द मला कळला.

सुमेध शनिवारी स्कूटरवरून पडला.
पडला आणि उठला.
पँट झटकली, फुटका आरसा खिशात घातला,
घरी येऊन जवळ्याशी दीड भाकरी खाल्ली.
कानामागे सुपारीएवढं टेंगूळ.
आईला म्हणाला, दार लागलं.
डोकं ठणकतंय, हे पोटातच ठेवलं.
दहाला उलटी झाली. मी म्हटलं, जवळा बाधला.
मग तो झोपला,
आणि मी म्हणालो,
झोपू दे. दमलाय.

साडेतीनला उठलो तर घोरणं वेगळं,
पाइपात हवा अडकते तसं.
पापणी उचलून टॉर्च मारला.
एक बाहुली आक्रसली.
दुसरी तशीच, उघड्या मॅनहोलसारखी.

सायनच्या जिन्यात बागवान
एक्स-रेच्या पाकिटावर पेनानं गोल काढत होते.
तीस तास झोप नव्हती त्यांना, गोल वाकडा आला.
"पहिला मार क्षणाचा. तो रस्त्यावरच संपला.
हा दुसरा.
कवटी बंद पेटी, ती फुगत नाही.
आत रक्त साचलं, मेंदू सुजला,
की नवं रक्त वर चढत नाही.
प्राणवायू तुटला की पेशींची दारं सताड पडतात,
नको ते आत घुसतं,
मरणारी पेशी शेजारणीवर विष सांडून जाते,
शेजारीण सुजते, मग तिची शेजारीण..."

हो, म्हटलं. बघितलंय.

कोरबा मिठागरला लाइन फुटली होती एका वर्षी.
त्या दिवशी रस्ता ओला झाला, एवढंच.
पण दाब पडला
आणि भेगेनं बाजूचं गटार आत ओढलं.
तिसऱ्या दिवशी पोरांना जुलाब.
आठव्या दिवशी रस्ता खचला, तोही
जिथं फुटलीच नव्हती तिथं,
अंड्यांचा टेम्पो गेला आत.
रजिस्टरात साहेबांनी कारण लिहिलं: फूट.
मी म्हटलं, साहेब, फूट नाही,
फुटीनंतरचे आठ दिवस लिहा.
रकाना लहान होता.

त्यांनी हाड काढलं, तळहाताएवढं,
सुजेला जागा द्यायला.
"फेकलं नाही," बागवान म्हणाले,
"पोटाच्या कातडीखाली शिवलंय.
सूज उतरली की परत बसवू."
यशोधरानं ऐकलं, पदर तोंडाला लावला.
वाटलं रडतेय. हसत होती.
"लहानपणापासून सगळं पोटात ठेवायची सवय त्याला."
मग रडली.

ती अजून विचारत नाही,
झोपू दे, कोण म्हणालं.
मीही सांगत नाही.
आम्ही दोघं एका बाकावर बसून
मशीनवरचा आकडा वाचतो:
सत्तावीस. चोवीस. सव्वीस.
वीसच्या खाली हवा.
नर्स उशाकडची बाजू थोडी उचलते,
नळीतून थेंबभर पाणी काढते,
पुन्हा बघते.

पाचव्या रात्री एकोणीस.
कोणी काही बोललं नाही.
मी चादरीखाली हात घातला.
बेंबीच्या उजवीकडे हाडाची कड लागते,
कोमट,
माझ्या पोराच्या कपाळाची.

पावणेचार वाजलेत.
नाक्यावर बदली माणूस चावी लावत असेल.
नवा आहे, घाई करतो.
त्याला सांगायचं राहिलं,
कोरड्या जुन्या लाइनला एकदम पाणी सोडू नये.
पाऊण आटा.
थांबायचं. लोखंडाला कान लावायचा.
मग पाऊण आटा.